आगाऊ लिहिलेली चार पत्रं

बायको जाऊन आठ महिने झाले. भोपाळच्या सोनागिरीतल्या या घरात आता मी एकटा. दुपारी जेवून पडलो की डोळा लागतो आणि सगळ्या जागा एकमेकींत मिसळतात. बेटावरचा आमचा तळ दिसतो, पण फाटकाबाहेर ताडाची झाडं नसतात, कारखान्याच्या वसाहतीतले निलगिरी असतात. मी वाळूच्या पोत्यांआड बसलेला असतो आणि पलीकडे ती सुपात तांदूळ निवडत असते. मी हाक मारत नाही. हाक मारली की जाग येते, एवढं मला आता कळलंय.

मी चौथी शिकलेला माणूस. लिहिताना ओठ हलतात, या वयातही हलतात. तरी हे लिहायचं ठरवलं, कारण हे पुरतं फक्त आम्हा दोघांना माहीत होतं, आणि त्यातली एक गेली.

आमचं गाव वर्ध्याकडचं. मी पलटणीत नाईक होतो तेव्हा आम्हाला मुलगी झाली. ती महिन्याची असताना बारा दिवस मी तिला पाहिलं. आम्ही तिला छोटी म्हणायचो. त्या बारा दिवसांत ती जास्त करून झोपलेलीच होती, त्यामुळे तिच्या डोळ्यांचा रंगही मला नीट सांगता येणार नाही. मग आमच्या पलटणीला शेजारच्या बेटावर पाठवलं. तिथल्या लोकांची आपसात लढाई पेटली होती. आम्ही शांतता राखायला जातोय असं सांगण्यात आलं. शांतता मी तिथे पाहिली नाही.

गावात माझ्यामागे कुणी उरलं नव्हतं. म्हणून बायको तान्ही पोर घेऊन भोपाळला भावाकडे गेली. तो मोठ्या सरकारी कारखान्यात फिटर होता, वसाहतीत दोन खोल्यांचं क्वार्टर मिळालेलं. मी भोपाळ पाहिलेलंच नव्हतं. ती सातवी शिकलेली, लिहायची छान. दर पत्रात ती मला थोडं थोडं क्वार्टर दाखवायची. दारातून बाहेर पडलं की डाव्या हाताला गुलमोहर. मागच्या अंगणात दगडी हौद, त्यात सकाळी दोन तास नळ येतो. भोंगा वाजला की सायकलींचा लोंढा, सगळे खाकी कपड्यांत, तेव्हा छोटी हात हलवते, तिला वाटतं सगळे बापच आहेत.

आमचा तळ एका बंद पडलेल्या शाळेत होता. बाकं आम्ही भिंतीशी रचून ठेवली होती. फळ्यावर कुणी तरी खडूनं काही लिहिलं होतं, त्यांच्या लिपीत. आमच्यात ते कुणाला वाचता येत नव्हतं, पण पुसायचा धीर कुणाला झाला नाही. समुद्र दिसायचा नाही, आवाज यायचा. दुपारी ड्यूटी नसली की मी पोत्याला टेकून डोळे मिटायचो आणि वसाहतीत फिरायला निघायचो. गुलमोहराखालून जायचो, हौदाशी थांबायचो, हात ओला करायचो. इतका रोजचा झालो होतो की शेजारच्या क्वार्टरमधल्या बाया मला ओळखत असतील असं वाटायचं. कुणी हलवून जागं केलं की पहिल्यांदा कळायचंच नाही की यांतली खरी जागा कुठली.

तळाच्या फाटकाशी एक म्हातारी रोज यायची. शहाळी आणायची. दुभाष्यानं एकदा सांगितलं होतं, तिचे दोन मुलगे होते, दोन वेगळ्या टोळ्यांत, एकमेकांवर बंदुका रोखून. ती दोन बोटं दाखवायची आणि मग हात पसरायची, म्हणजे त्यांचं काही कळलं का? आम्हाला काय कळणार? आम्ही मान हलवून म्हणायचो, ठीक, ठीक. तो एक शब्द तिला पाठ झाला होता. तीही म्हणायची, ठीक, ठीक, आणि जायची.

आता मुख्य गोष्ट.

आमच्या कंपनीत एक रीत होती. जंगलात लांबच्या मोहिमेवर निघायचं असेल तर तिकडून डाक जात नसे. महिना महिना पत्र नाही म्हटल्यावर घरी बायका रेडिओशी बसून रडायच्या. म्हणून निघण्याआधी पोरं एका बैठकीत चार-चार पत्रं लिहून ठेवायची. वर तारीख पुढची घालायची. मराठी वाचणारे आमचे सुभेदार ती तपासून, शिक्का मारून, चिकटवून द्यायचे. ती मग स्वयंपाक्याकडे ठेवायची, फौजेत त्याला लांगरी म्हणतात. तो मागे तळावरच असायचा. दर मंगळवारी डाकेची गाडी आली की एक-एक पत्र टाकायचा. कुणालाही यात वावगं वाटत नव्हतं. मलाही नाही.

आमचा लांगरी साताऱ्याकडचा, तोंडानं भलता चालू. मला शाळेच्या पायरीवर लिहीत बसलेला बघून म्हणाला, "नाईकसाहेब, एका दुपारात महिन्याभराचं प्रेम उरकताय व्हय? वहिनींस्नी कळलं तर लाटणं घेऊन येतील इथवर!"

"तू तुझी डाळ बघ, करपतेय."

"डाळ माझी कवाच करपत न्हाई. तुमचं अक्षर मात्र करपल्यावाणी दिसतंय."

मी चार पत्रं लिहिली. प्रत्येकात तेच, मी मजेत आहे, जेवण चांगलं आहे, काळजी करू नको. पण चार पत्रं अगदी एकसारखी झाली तर तिला संशय येईल, म्हणून मी छोटीला पुढे पुढे नेलं. पहिल्यात विचारलं, छोटी बसायला लागली का? दुसऱ्यात, रांगते का? तिसऱ्यात, धरून उभी राहत असेल आता. चौथ्यात लिहिलं, आता चालायला लागली असेल, तिला एकटीला हौदाकडे जाऊ देऊ नको. महिन्याभरात पोर एवढं सगळं करत नाही, हे मला कुठे ठाऊक? मी हुशारी केली असं समजून पत्रं लांगरीच्या हाती दिली आणि मोहिमेवर गेलो.

पाच आठवडे आम्ही जंगलात होतो. त्याबद्दल मी लिहिणार नाही.

परत आलो तेव्हा कंपनी कमांडर साहेबांनी मला बोलावलं. त्यांच्या टेबलावर तार होती, तीन आठवड्यांपूर्वीची. छोटीला ताप आला, तो डोक्यात गेला, तीन दिवसांत संपलं. साहेब म्हणाले, "जंगल में ये खबर देता तो तुम्हें भी खो देता. माफ करना." मी सलाम ठोकून बाहेर आलो. दुसरं काय करायचं असतं ते मला माहीत नव्हतं.

बाहेर लांगरी चहाचा मग्गा घेऊन उभा. तार आल्याचं क्लार्क सोडून कुणालाच ठाऊक नव्हतं. तो हसत म्हणाला, "नाईकसाहेब, चारी टाकली बघा. एक मंगळवार चुकवला न्हाई."

तेव्हा माझ्या ध्यानात आलं. मी दिवस मोजले. पहिलं पत्र पोर असताना पोचलं असेल. दुसरं तिला मातीत ठेवून आल्यावर. रांगते का? मग आठ दिवसांनी तिसरं. मग चौथं.

लांगरीला सांगितलं तेव्हा तो माझ्या पायाशी बसला. "म्हाईत असतं तर चुलीत घातली असती हो. चुलीत घातली असती." तेच ते म्हणत राहिला. त्याच्यावर रागवायला काही जागा नव्हती.

वीस दिवसांची रजा मिळाली. आधी जहाज, मग मद्रासहून गाडी. वाटेत मला एकच घोर होता. पोर गेली, ते दुःख तर होतंच, पण ते दोघांचं होतं. हे दुसरं मी एकट्यानं केलेलं होतं. तिला वाटत असेल, तार मिळूनही या माणसानं रांगते का म्हणून विचारलं. ती माझं तोंड बघेल का? माझ्या शब्दावर पुन्हा कधी विश्वास ठेवेल का?

भोपाळला उतरून मी वसाहतीत आलो. पहिल्यांदाच येत होतो, पण कुणाला पत्ता विचारला नाही. सकाळचं ऊन, निलगिरीच्या पानांचा वास, भोंगा वाजला आणि सायकली माझ्या दोन्ही बाजूंनी वाहत गेल्या. मी त्यांच्यातून पाण्यातून चालावं तसा चाललो. सगळं होतं, तिनं लिहिलेलं सगळं. फक्त गुलमोहर उजव्या हाताला आला. ती दारातून बाहेर बघून लिहायची, मी बाहेरून आत येत होतो. मी दुसऱ्याच गल्लीत शिरलो आणि परक्या क्वार्टरसमोर उभा राहिलो. तिथल्या बाई म्हणाल्या, "किसको ढूँढ रहे हो भैया?" मी युनिफॉर्मात, खांद्यावर बोजा. त्याच म्हणाल्या, "अच्छा, फौजी जमाई. पीछेवाली लाईन." आणि त्यांनी डोक्यावरचा पदर सारखा केला. म्हणजे छोटीचं त्यांना ठाऊक होतं.

दार वहिनीनं उघडलं, म्हणजे बायकोच्या भावजयीनं. बायको आत मेथी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "आलात? पाय धुवा."

मी पाय धुतले. हौद खराच दगडी होता.

तीन दिवस ती माझ्याशी कामापुरतं बोलली. ताट वाढलंय. टॉवेल दोरीवर आहे. मेहुण्यानं मला कोपऱ्यात घेऊन विचारलं, "भाऊजी, तार मिळाली नव्हती का?" मी त्याला सगळं सांगितलं. त्यानं तिला सांगितलं. तरी ती तशीच.

चौथ्या दिवशी मेहुणा पहिल्या पाळीला गेला, वहिनी सोसायटीच्या दुकानात रॉकेलच्या रांगेत. बायको अंगणात आली आणि हौदाच्या कठड्यावर तिनं चार पत्रं ठेवली. तीन फोडलेली, चौथं बंद.

मी म्हणालो, "दादांनी सांगितलं ना तुला? ती आधीच लिहिलेली होती. मला माहीत नव्हतं."

"सांगितलं."

"मग?"

"मग काय? छोटीचं तुम्हाला माहीत नव्हतं. समजलं मला. मी काही येडी नाही." ती एरवी शुद्ध बोलायची, रागावली की गावची बोली यायची. "पण तुमचं? मी मजेत आहे, मी मजेत आहे. तीन वेळा. हे काहून लिहिलं? तुम्ही तिकडे मेले असते तरी मले इथं आठ दिवसांनी मजेत आहे आलं असतं. मी ते छातीशी धरून बसली असती. सांगा, बसली असती का नाही?"

मी म्हणालो, "बसली असतीस."

"पोरगी गेली त्या दिवशी मी म्हटलं, एक गेलं, पण दुसरं माणूस मजेत आहे. त्या कागदावर मी उभी होती. आणि तो कागद खोटा."

मी फौजेत माणसांना आवाज चढवून हुकूम देत होतो, आणि इथे उभा राहून बनियनची कड पिरगाळत होतो.

तिनं चौथं पत्र माझ्याकडे सरकवलं. "हे मी फोडलं नाही. वाचा."

"नको ना."

"तुम्हीच लिहिलंय. वाचा."

मी फोडलं. मोठ्यानं वाचलं. मी मजेत आहे, जेवण चांगलं आहे. आता छोटी चालायला लागली असेल, तिला एकटीला हौदाकडे जाऊ देऊ नको. इथे माझं वाचणं थांबलं. नळाला पाणी येत होतं. ती हौदाकडे बघत होती, जणू खरंच कुणी तरी त्या बाजूला निघालं आहे. आणि हळूच म्हणाली, "कुठवर चालली?"

मी तिच्याकडे बघितलं. ती थट्टा करत नव्हती.

मी म्हणालो, "गुलमोहरापर्यंत."

"पडली?"

"एकदा. रडली नाही."

"रडायचीच नाही ती," बायको म्हणाली. मग ती रडली. मीही. वहिनी रॉकेलचा डबा घेऊन आली, आम्हाला बघून डबा ठेवला आणि पुन्हा बाहेर जाऊन पायरीवर बसली.

रजा संपून निघालो तेव्हा ती बसस्टॉपवर आली. म्हणाली, "पत्र लिहा. पण आता स्वतःचं खरं लिहायचं. भ्यालात तर भ्यालो म्हणून लिहा. छोटीचं खोटं चालेल."

मी तसंच केलं. तळावर परत गेलो आणि लिहू लागलो. वर माझं खरं: आज तांदळात किडे निघाले. डावा पाय सुजला आहे. परवा भ्यालो, तोंड कोरडं पडलं, कुणाला सांगितलं नाही, तुला सांगतो. अशी वाक्यं मी जन्मात कधी लिहिली नव्हती. आणि खाली छोटीचं. पण वर्षाचं पोर काय करतं हे मला माहीत कुठे होतं? मग मी कंपनीतल्या पोरवाल्यांना विचारायचो. एकजण म्हणाला, माझ्या लेकानं नाकात हरभरा घातला होता. मी तो हरभरा छोटीच्या नाकात घातला. भोपाळहून उत्तर आलं, "आपली असं करणार नाही. शहाणी आहे ती. दुसरं लिहा."

दुसरं लिहिलं. तिनं मेहुण्याची चप्पल हौदात टाकली. यावर तिनं लिहिलं, "हे बरोबर आहे. दादा अजून शोधतोय."

दुपारच्या उन्हात पोत्याला टेकलो की छोटी यायची. फळ्याखाली बसायची, खडूनं फरशीवर रेघा ओढायची. मी तिला मोठी होताना बघत होतो. चेहरा दिसायचा नाही, पाठ दिसायची, केसांचा बो दिसायचा. मला तेवढं पुरायचं. वेड लागलं होतं म्हणाल तर म्हणा.

सुभेदार पत्रं वाचायचे, तो नियमच होता. दोन महिन्यांनी एकदा पत्र हातात धरून त्यांनी मला बोलावलं. म्हणाले, "तुझी मुलगी..."

"हो साहेब."

"घरी माहीत आहे ना तू काय लिहितोस?"

"तिनंच सांगितलंय साहेब."

त्यांनी शिक्का मारला. चिकटवताना म्हणाले, "केस बारीक काप म्हणावं, उन्हाळा आहे." मी तेही पुढच्या पत्रात लिहिलं.

असं चौदा महिने चाललं. छोटी पत्रांत सव्वादोन वर्षांची झाली. मग मी लिहिलं की पुढच्या जूनला तिला बालवाडीत घालू, वसाहतीतच आहे म्हणतेस ना. त्याचं उत्तर छोटं आलं. मला ते तोंडपाठ आहे. "तिला शाळेत घालू नका. शाळेत गेली की मी भोंग्यापर्यंत दारात उभी राहीन, आणि ती यायची नाही. आता तिला राहू द्या तिथेच. तुमचं मात्र लिहीत जा."

त्या दिवशी मी शाळेच्या पायरीवर बसून राहिलो. फरशीवर रेघा नव्हत्याच, मी पाहून आलो.

पुढे पलटण परत आली, काही वर्षांनी मी पेन्शनीत निघालो आणि त्याच कारखान्याच्या गेटवर सुरक्षा पहाऱ्याला लागलो. मुलगा झाला, तो आता नोकरीसाठी पुण्यात असतो. पत्रांची गरज उरली नाही. पण ड्यूटीवरून आलो की ती पाण्याचा तांब्या देऊन विचारायची, "काय झालं आज?" आणि मी ठीक म्हटलं की तांब्या परत घ्यायची. "ठीक नका सांगू. काय झालं ते सांगा." मग सांगायचो. साहेबानं झापलं. एकाला विनाकारण अडवलं, वाईट वाटलं. झोप आली. तीस वर्षं रोज. बाहेर मी फटकळ म्हणून बदनाम आहे, ती सवय मला या घरात लागली.

ती शेवटी शेवटी बोलू शकत नव्हती तेव्हा मी उशाशी बसून तसंच सांगायचो. डॉक्टर म्हणतात आता फार दिवस नाहीत, हेही मीच तिला सांगितलं. मुलगा चिडला. "बाबा, असं बोलतात का पेशंटसमोर?" तिनं त्याच्याकडे बघून मान हलवली, आणि माझं बोट धरलं. त्यानं ते बघितलं. तेव्हापासून त्यानं मला त्यावरून टोकलं नाही.

आता मुलगा फोन करून विचारतो, शेजारचे विचारतात, इथल्याच अयोध्या नगरातून मेहुणा येऊन विचारतो, कसं चाललंय? मी म्हणतो, चाललंय. त्यांना तेवढंच हवं असतं आणि त्यात त्यांचा दोष नाही. पण माझे दिवस तसेच साठत चाललेत, न सांगितलेले. म्हणून वही आणली. रोज थोडं तिला लिहितो. आज लिहितो ते असं: डाळ पातळ झाली. गुडघा दुखतो. पोस्टाच्या रांगेत एका बाईचा आवाज तुझ्यासारखा वाटला, मी वळून पाहिलं नाही, घाबरलो. जेवलो. चार वाजेपर्यंत पडून होतो, झोप लागली नाही.